पांढऱ्या काठीसोबत विक्रोळी ते चैत्यभूमी

विक्रोळी ते दादर हा लोकलचा प्रवास आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अंगवळणी पडलेला आहे. गिरणीत, कारखान्यात, गोदीत, महापालिकेत कामाला जाणाऱ्या आपल्या मागच्या दोन पिढ्यांनी तो रोज केला. ६ डिसेंबरला लेकराबाळांना कडेवर घेऊन केला. अशा प्रवासात नव्याने सांगण्यासारखे काय, असे वाचक बंधुभगिनींना वाटेल. परंतु ज्यांना दिसत नाही त्यांचा रस्ता वेगळ्याच खुणांनी बनलेला असतो. कुठे उतार, कुठे वास, कुठे आवाज. आपण डोळस माणसे या खुणा रोज नकळत मोडत असतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांहून अधिक झाली. त्यांपैकी पुष्कळसे आपल्यासारख्याच दहा बाय बाराच्या खोल्यांत राहतात. म्हणून या रस्त्याची हकीकत.

माझे मामा विक्रोळीला एका कारखान्यात फिटर होते. त्यांचे डोळे काचबिंदूने गेले. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते आणि शस्त्रक्रियेने बहुधा दिसू लागते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस झिजते, आणि बहुतेक वेळा त्यामागे डोळ्यातला वाढलेला दाब असतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी फक्त पुढचे नुकसान आवरता येते. बहुधा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. आधी बाजूचे दिसेनासे होते, समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते, त्यामुळे माणूस फसतो. मामांना दारावर खांदा आपटू लागला तेव्हा लोक म्हणाले, वय झाले. निवृत्तीपर्यंत उजवा डोळा गेला, पुढच्या तीन वर्षांत डावा. आता त्यांना उजेड की अंधार एवढेच कळते.

पहिली दोन वर्षे मामा खाटेवरच होते. मामी हाताला धरून मोरीपर्यंत नेत, घास करून देत. भेटायला येणारे हळहळत, चहा पीत आणि जात. मग एका संस्थेचे शिक्षक घरी येऊ लागले. त्यांनी मामांना पांढरी काठी धरायला शिकवली. वर्षभरात मामा एकटे किराणा दुकानापर्यंत आणि विहारापर्यंत जाऊ लागले. लोकल मात्र राहिली. मामींचे म्हणणे, "गाडीत एकट्याने जायचं नाही. आमच्या जिवाला घोर लावू नका." मामांचे म्हणणे, "चैत्यभूमीला मला कुणी पोचवायला नको. मी माझा जाईन." शेवटी तडजोड अशी झाली की एकदा मी त्यांच्याबरोबर जावे, वाटेत लागेल तेवढीच मदत करावी, आणि परत आल्यावर मामींना खरे काय ते सांगावे. हे एकटे जाऊ शकतील की नाही, याचा निकाल माझ्यावर सोपवलेला. पावसाळा सरल्यावर एका बुधवारी आम्ही निघालो. ६ डिसेंबरच्या गर्दीचा दिवस मुद्दामच टाळला होता.

उंबऱ्यापासून नाक्यापर्यंत

अंध माणसाचा प्रवास स्टेशनात सुरू होत नाही, घरात सुरू होतो. मामांच्या खोलीत एक नियम कडक आहे. वस्तू जिथली तिथे. दार एकतर पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड नेमकी कपाळावर बसते. मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेच्या बरणीला दोन. सकाळच्या गोळ्यांच्या पट्टीचा एक कोपरा कापलेला, रात्रीच्या पट्टीचे दोन. पांढऱ्या सदऱ्याला आतून एक सेफ्टी पिन, निळ्याला काही नाही. ताट वाढताना मामी घड्याळ सांगतात. "भाकरी सहावर, भाजी तीनवर, चटणी बारावर." मामा स्वतःच्या हाताने जेवतात, दाढी करतात, कपडे धुतात. एका गोष्टीवर मात्र त्यांचा राग. कुणी न सांगता वस्तू हलवली की ते म्हणतात, "माझं घर कुणी इकडचं तिकडं केलं?"

गल्लीत मामा भिंतीच्या कडेने चालतात. नळाच्या ओट्यापाशी पायाखाली ओल लागते. पुढे पिठाच्या गिरणीची घरघर आणि दळणाचा वास. गिरणी मागे पडली की डावीकडे वळायचे. गटारावरची फरशी काठीने वाजवून पाहायची, ती पोकळ वाजते. या सगळ्या त्यांच्या पाट्याच आहेत. गिरणी बंद असली की एक पाटी गेली. गल्लीत आडवी मोटारसायकल लावली की रस्ताच गेला. आमच्या गल्लीतला एक मुलगा आपली गाडी आता रोज समोरच्या भिंतीला लावतो, कारण मामांनी त्याला हाक मारून एकदाच सांगितले होते. सांगितले की लोक ऐकतात, हा मामांचा अनुभव. आपण सांगतच नाही.

काठीचे शास्त्र

काठी म्हणजे आधाराची लाठी नव्हे, हे मला त्या दिवशी नीट पाहायला मिळाले. ही काठी ॲल्युमिनियमची, आतून इलॅस्टिकची दोरी असलेली, घडी करून पिशवीत बसणारी. जमिनीवर उभी धरली तर छातीच्या मधल्या हाडापर्यंत येते. चालताना तिचे टोक खांद्यांच्या रुंदीहून थोडे अधिक, डावीकडे उजवीकडे टेकत जायचे. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे, उजवा पडतो तेव्हा डावीकडे. म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते.

काठी पांढरी का, याचीही हकीकत आहे. इंग्लंडात ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाचे छायाचित्रकार अपघाताने अंध झाले. घराभोवतीच्या वाहनांना आपण दिसावे म्हणून १९२१ मध्ये त्यांनी आपली काठी पांढरी रंगवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी लांब काठीची पद्धत बसवली. मामा शिकले ती तीच. १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस म्हणून पाळला जातो.

काठीला एक गोष्ट कळत नाही. कमरेच्या वर काय आहे ते. दुकानाची लोंबती पाटी, उघडी खिडकी, टेम्पोतून मागे आलेल्या सळया, कपड्यांची दोरी. काठी खालून मोकळी जाते आणि माणूस वर आपटतो. मामांच्या भुवईवरची खूण अशाच एका सळईची आहे.

कोपर

हमरस्त्यावर आल्यावर मी सवयीने त्यांचा दंड धरायला गेले, तर मामा म्हणाले, "पोरी, तू मला धरू नकोस. मी तुला धरतो." त्यांनी माझ्या कोपराच्या वर हात ठेवला आणि अर्धे पाऊल मागे राहिले. मी वळले की माझ्या अंगाच्या हालचालीवरून त्यांना कळते. मी पायरी चढले की माझे कोपर वर जाते, उतरले की खाली जाते. अरुंद जागी मी हात पाठीमागे घेतला की ते सरळ माझ्या मागे येतात. बोलावेही लागत नाही. दंड धरून पुढे ढकलले तर आधी अंध माणूस खड्ड्यात पडतो, मग ढकलणारा "अरे, खड्डा होता" म्हणतो.

रस्त्याने मामांनी चक्षुपाल स्थविरांची गोष्ट काढली. धम्मपदाच्या पहिल्या गाथेच्या अट्ठकथेत ती येते. एक तरुण श्रामणेर काठीचे टोक धरून त्या अंध स्थविरांना वाट दाखवत असतो आणि मध्येच त्यांना थांबवून भलतीकडे निघून जातो. परत आल्यावर स्थविर त्याची सोबत नाकारतात. मामा हसून म्हणाले, "तेव्हापासूनचा प्रश्न आहे हा. सोबत्याचा भरवसा काय?" विनोदात सांगितले, पण ते खरे आहे. दुकानापाशी अंध माणसाला उभे करून "आलोच" म्हणत आपण जातो, तेव्हा त्याच्या हाताला भिंत किंवा खांब तरी लावून द्यावा. मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या अंध माणसाला कोणतीच दिशा नसते.

रस्ता ओलांडताना मामा कानाने सिग्नल ओळखतात. समोरून आडवी जाणारी वाहने थांबली आणि बाजूची सुरू झाली की निघायचे. आता एक नवी अडचण आली आहे. विजेवर चालणाऱ्या स्कुटरी आणि बसगाड्या. त्या धूर सोडत नाहीत ही चांगली गोष्ट, परंतु हळू येताना त्यांचा आवाजही फारसा येत नाही.

फलाट आणि डबा

स्टेशनात शिरल्यावर ठरल्याप्रमाणे मी कोपर काढून घेतले आणि दहा पावले मागे राहिले. मामा पायाने जमीन चाचपत पुढे गेले. फलाटाच्या कडेला पिवळ्या फरशीवर गोल उंचवटे असतात ते आपण पाहतो, पण कशासाठी ते विचारत नाही. उभ्या रेघांची फरशी म्हणजे 'चालत रहा', गोल ठिपक्यांची म्हणजे 'थांब, पुढे धोका'. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी ही फरशी शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा बसवली गेली. पिवळा रंग अशासाठी की ज्यांना अंधूक दिसते त्यांनाही तो कळावा. या फरशीवर कुणी बाकडे ठेवतो, कुणी गाठोडे घेऊन बसतो. त्याला वाटते, रिकामी जागा आहे.

दिव्यांग डबा जिथे थांबतो तिथे काही फलाटांवर 'बीप, बीप' वाजणारे यंत्र असते. मामा त्याच्या रोखाने गेले आणि खांबाला हात लावून उभे राहिले. मी म्हटले, "मामा, पूर्वी अपंगांचा डबा म्हणत, आता दिव्यांग म्हणतात." ते म्हणाले, "काहीही म्हणा. तो थांबतो कुठं तेवढं सांगा."

तेवढ्यात घाबरवणारा प्रसंग घडला. एक भले गृहस्थ मागून आले, काही न बोलता त्यांनी मामांचे दोन्ही खांदे धरले आणि "इकडे या बाबा, इकडे" म्हणत त्यांना अर्धे वळवून चार पावले नेले. गाडी येत असल्याची घोषणा चालू होती. हात खांबावरून सुटला, दिशा फिरली. मी पुढे धावले. मामा मात्र जागच्या जागी थांबले. काठी दोन्ही हातांनी समोर रोवली आणि मोठ्याने विचारले, "फलाटाची कड माझ्या कोणत्या हाताला आहे?" गृहस्थ गोंधळले. मग म्हणाले, "उजव्या." मामा म्हणाले, "उपकार झाले. आता मला सोडा आणि डबा पुढे आहे की मागे ते सांगा." त्यांनी सांगितले. मामा डब्यात चढले. काठीचे टोक आधी फटीत, मग डब्याच्या कडेवर, मग हात मधल्या दांड्यावर, मग पाय.

त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. परंतु अंध माणसाला न विचारता वळवणे म्हणजे त्याच्या हातातला नकाशा फाडण्यासारखे आहे. आधी बोलावे, "काका, मदत हवी का?" हो म्हटले तर कोपर पुढे करावे. नको म्हटले तर बाजूला व्हावे.

डब्यात बसल्यावर मामांनी मला स्टेशने मोजून दाखवली. घाटकोपरला मेट्रोची गर्दी चढते, दारातला आवाज वाढतो. मग विद्याविहार. कुर्ल्याला शेजारच्या रुळांवरून हार्बरच्या गाड्यांचा खडखडाट. कुर्ला सुटले की मिठी नदीच्या पुलावर गाडीचा आवाज पोकळ होतो आणि वासही येतो. मग शीव, माटुंगा. "पुढील स्टेशन दादर" असे गाडीत सांगतात, परंतु घोषणेवर पूर्ण विसंबून चालत नाही, कारण ती कधी चुकते, कधी गप्प असते. म्हणून मोजणी सोडायची नाही.

दादर

दादरला उतरल्यावर आपण डोळस माणसेही गोंधळतो. डिसेंबर २०२३ मध्ये तिथले फलाट नव्याने मोजले गेले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, आणि मध्य रेल्वेचे जे पुन्हा १ पासून सुरू होत त्यांना ८ ते १४ असे आकडे मिळाले. एकाच आकड्याचे दोन फलाट असण्याचा घोळ मिटला, हे चांगलेच झाले. ज्याने तीस वर्षे जुने आकडे पाठ केले होते त्याला मात्र ते पुन्हा पाठ करावे लागले. मामांनी ते एका संध्याकाळी बसून केले.

पूल ओलांडून पश्चिमेला उतरलो. झेंडू आणि निशिगंधाचा वास आला, तेव्हा मामा म्हणाले, "फुलबाजार डाव्या अंगाला ठेव." या भागात काठीचे काही चालत नाही. पाट्या, हातगाड्या, पाण्याचे ओघळ, माणसांची रेटारेटी. इथे मामांनी आपण होऊन माझे कोपर मागितले. पुढच्या वेळी कुणाचे तरी मागावे लागेल, हेही त्यांनी बोलून दाखवले.

याच दादरला, पूर्वेच्या बाजूला, १९०० साली सुरू झालेली अंध मुलींची शाळा आहे. ताडदेवला १९०२ सालची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आहे. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, तिची स्थापना १९५२ ची. सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून केंद्र आहे. म्हणजे एका शहरात सव्वाशे वर्षे हे शिक्षण चालू आहे. तरीही आपल्या वस्तीतला माणूस दृष्टी गेल्यावर दोन दोन वर्षे खाटेवर बसून राहतो. या संस्थांची वाट कुणी त्याला सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

पैशाचा हिशेब

मामांनी फुले स्वतः घेतली. दहाची नोट सपाट, वीसची एकदा दुमडलेली, पन्नासची दोनदा, शंभरची लांबट घडी, अशी त्यांची पाकिटातली शिस्त. नोटा नुसत्या हाताने ओळखणे सोपे राहिलेले नाही. नव्या शंभरच्या नोटेची लांबी १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. रुंदी तिघींची सारखीच. चार मिलिमीटरचा फरक घाईत बोटांना कसा कळावा? कडेला उंचवट्याच्या तिरक्या रेघा असतात, शंभरवर चार, पाचशेवर पाच, आणि दोनशेवर चार रेघांच्या मध्ये दोन गोल. नोट जुनी झाली की त्या झिजतात. नाण्यांत २० रुपयांचे नाणे बाराकोनी असल्याने लगेच कळते.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मणि' नावाचे मोबाइलवरचे साधन काढले. नोटेसमोर कॅमेरा धरला की ती कितीची ते बोलून सांगते, इंटरनेट नसले तरी चालते. खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. मामांचा मोबाइलही बोलतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय आधीपासून असते, ती सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करायची. पैसे मोबाइलवरून देताना मामा फोन हातातून सोडत नाहीत आणि पिन कुणाला सांगत नाहीत. फुलवालीने उरलेले पैसे देताना एकेक नोट बोलून हातावर ठेवली, "हे शंभर, हे वीस, हे वीस." तिला हे कुणी शिकवले नव्हते. गिऱ्हाईक दिसत नाही हे पाहून तिला सुचले.

बँकेत असे सुचत नाही. एका बँकेत मामांना एटीएम कार्ड नाकारले होते. "तुम्ही सोबत कुणाला तरी आणा, अंगठा लावा आणि काउंटरवर पैसे घ्या," असे उत्तर. मामा बत्तीस वर्षे सही करून पगार घेत आले होते. ४ जून २००८ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट लिहिले आहे की चेकबुक, एटीएम, लॉकर अशा सर्व सोयी दृष्टिहीन ग्राहकांना भेदभाव न करता द्याव्यात. मामांनी त्याची छापील प्रत शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. आठ दिवसांत कार्ड आले.

समुद्राच्या आवाजाकडे

रानडे रोड संपला आणि शिवाजी पार्कच्या बाजूने वारा लागला. दुकानांचा गलका मागे पडला. मोकळे मैदान कानाला कळते, असे मामा म्हणतात. भिंती असल्या की आवाज परत येतो, मैदानात तो निघून जातो. इथून मी पुन्हा मागे राहिले. शिवाजी पार्कपासून चैत्यभूमीपर्यंत मामा एकटे चालले. एका वळणावर चुकले, थांबले, एका शाळकरी मुलाला विचारले आणि परत वळले. जो रस्ता डोळस माणसाला स्टेशनपासून वीस-पंचवीस मिनिटांचा, तो आम्हाला पाऊण तासाचा झाला. घाई कुणाला नव्हती.

लाटांचा आवाज ऐकू आला तसे त्यांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. चपला काढून पिशवीत ठेवल्या. आत मेणबत्त्यांची ऊब आणि अगरबत्तीचा वास होता. फुले वाहून त्यांनी त्रिशरण पंचशील म्हटले. मी हळूच म्हटले, "मामा, पुतळ्याला नवा हार घातलाय." ते म्हणाले, "पुतळा मला पाठ आहे. तू समुद्र कुठवर आलाय ते सांग."

बाहेर कठड्यापाशी आम्ही बराच वेळ बसलो. शेवटच्या वर्षांत बाबासाहेबांचीही दृष्टी मंदावली होती, शरीर थकले होते, तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. मामा यावर भाषण करणारे नव्हेत. पुस्तकांच्या दुकानाशी थांबून त्यांनी नातवासाठी एक पुस्तक मागितले. किंमत विचारली, घडी उलगडून नोट दिली, पुस्तक नाकाशी नेऊन कागदाचा वास घेतला आणि पिशवीत ठेवले.

हक्क आणि शेजार

परतल्यावर मामींनी दारातच विचारले, "काय मग?" मी सांगितले, "एकटे जाऊ शकतील. दोन जागी मदत मागावी लागेल. फुलबाजारात आणि मोठा रस्ता ओलांडताना. आणि मागायला त्यांना लाज वाटत नाही." मामी जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दादरला उतरल्या उतरल्या फोन करायचा." मामांनी कबूल केले. त्यानंतर ते दोनदा एकटे जाऊन आले आहेत.

आता थोडे आपल्या सर्वांच्या कामाचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी हे दोन्ही प्रकार आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीतील राखीव जागांसारखे लाभ मिळू शकतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड काढावे. पूर्ण अंध प्रवाशाला रेल्वेच्या लांबच्या प्रवासात दुसऱ्या वर्गाच्या आणि शयनयानाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि सोबत्यालाही तेवढीच. स्वतः अंध असलेल्या राजीव रतुडी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सार्वजनिक जागा, वाहने आणि सेवा अपंगांना वापरता येण्याजोग्या करण्याचे नियम नुसते सल्लावजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे पिवळी फरशी आणि बोलणारे यंत्र ही कुणाची मेहेरबानी नाही.

कायदा रस्त्यापर्यंत येईल तेव्हा येईल. गल्ली मात्र आपल्या हातात आहे. घरात आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीच्या आतबाहेरच्या सर्वांनी डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी. मी आणि माझ्या मावसभावंडांनी तपासून घेतली. एका भावाला सुरुवात होती, त्याचे थेंब चालू आहेत. विहारात दृष्टिहीन माणूस आला तर त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून विसरू नये. शेजारी कोण बसले आहे ते नाव घेऊन सांगावे, उठून जाताना "मी निघालो" म्हणावे. गल्लीत गाडी, बादली, खाट ठेवायची ती एकाच बाजूला ठेवावी.

आमच्या गल्लीतल्या गटारावरची फरशी गेल्या महिन्यात फुटली. मामांच्या खुणेचा तो पोकळ आवाज गेला. मंडळाच्या मुलांनी वर्गणी काढून नवी फरशी टाकली आणि ती वाजते की नाही हे मामांना काठीने वाजवून पाहायला लावले. आपापल्या वस्तीत अशी एखादी फरशी असेल. ती कोणासाठी वाजते ते एकदा विचारून पाहा.

जयभीम.